बालू की मोदक? बालवाचनालयाच्या पाटीसाठी जाड, गोलसर अक्षर हवं आहे

पाटीपेन्सिल | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वाईजवळच्या आमच्या गावात शाळेच्या रिकाम्या खोलीत बालवाचनालय सुरू करतोय. पुस्तकं जमली, कपाटं रंगवून झाली, आता पाटी करायची आहे. आठ फूट लांब, अडीच फूट उंच. रस्त्याच्या पलीकडून, एसटीच्या थांब्यावरून मुलांना वाचता यायला हवी.

मला पहिल्यापासून गुबगुबीत, गोल कोपऱ्यांचं अक्षर डोळ्यासमोर होतं. शोधता शोधता 'मोदक' नावाचा फाँट सापडला आणि मी अक्षरशः हरखले. 'बालवाचनालय' हा शब्द त्यात टाइप केला तर प्रत्येक अक्षर उकडीच्या मोदकासारखं भरलेलं दिसत होतं. मग उत्साहात मी पाटीच्या आधीचं पत्रकही त्यातच केलं. ए-५ कागद, मथळा मोठा आणि खाली वेळ, पत्ता, नियम हे सगळं मोदकमध्येच, १८ पॉइंटला.

झेरॉक्स काढून आणली आणि माझा चेहरा पडला. खालच्या ओळींत 'ब' आणि 'व' सारखेच दिसत होते. दोन्हींचं पोट काळं भरून गेलेलं. आमच्या शेजारची दुसरीतली मुलगी 'बाल' वाचताना अडली, मला विचारलं, "मावशी, हे वाल आहे का?" ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यांनाच वाचता येईना, हे मला फार लागलं.

तर प्रश्न असे: हा फाँटचा दोष की माझा? पाटीला मोदक चालेल का? की कोणी सुचवला तसा 'बालू' घ्यावा? दोन्ही फुकट आहेत म्हणे, पण सार्वजनिक पाटीवर वापरायला परवानगी लागते का?

---

बोरू | रविवार, रात्री १०:२५

ताई, फाँटचा दोष नाही आणि तुमचाही म्हणणार नाही. आकाराची गफलत झाली आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे.

मोदक आणि बालू ही दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' या गटाची अक्षरं. मोदक सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केलं. देवनागरीत इतकं लठ्ठ अक्षर करायचं म्हणजे काय, हे आधी बघा. रोमन 'एल' किंवा 'टी' जाड करायला काही लागत नाही, आत काही नाहीच. आपल्या 'ब'मध्ये मात्र एक पोट आहे, त्या पोटात तिरकी रेघ आहे, शेजारी दंड म्हणजे उभी रेघ आहे, वर शिरोरेषा आहे. रेघ जाड करत गेलात की ती जाडी कुठून येणार? बाहेर वाढवली तर अक्षर पसरट होतं, आत वाढवली तर पोकळी बुजते. मोदकमध्ये पोकळी जवळपास संपवली आहे, तिथे फक्त एक बारीक चीर ठेवली आहे. पांढऱ्या चिरेवरच अक्षर ओळखायचं. म्हणून हे काम यंत्राने रेघ फुगवून होत नाही. प्रत्येक अक्षरात चीर कुठे, किती लांब, कुठे वळणार, हे हाताने ठरवावं लागतं. 'ळ'ची दोन वेटोळी आणि 'क्ष'ची गुंतागुंत या जाडीत बसवणं हे मला आजही थक्क करतं.

आता तुमचं पत्रक. १८ पॉइंटला ती चीर केसाएवढी होते. झेरॉक्सची पूड तेवढी जागा सहज खाते. चीर गेली की 'ब'ची तिरकी रेघ गेली, उरला काळा गोळा. 'व'चाही तसाच गोळा. 'प' आणि 'ष' यांचंही तेच होणार. तुमच्या शेजारच्या मुलीने अगदी बरोबर वाचलं. कागदावर जे होतं तेच तिने वाचलं.

मोदक हे प्रदर्शनी अक्षर आहे. एक शब्द, मोठ्या आकारात. पाटीला चालेल. नियम-पत्त्याला कधीही नाही.

परवानगीचं: दोन्ही 'ओपन फाँट लायसन्स'खाली आहेत. पाटी, पत्रक, टी-शर्ट, विक्रीचा माल, सगळ्याला चालतात. फक्त नुसता फाँट सुटा विकायचा नाही.

---

वेलांटी | रविवार, रात्री १०:५८

मी पहिली-दुसरीला शिकवते. बोरू यांनी 'ब-व' सांगितलं, त्यात माझी भर: 'घ-ध' आणि 'म-भ' बघाच. या जोड्यांमधला फरक मुख्यतः शिरोरेषेच्या सुरुवातीला असतो. 'ध'ची आणि 'भ'ची रेषा डावीकडे मोकळी सुटते, तिथे छोटीशी गाठ असते. 'घ' आणि 'म' वरून बंद. मोठी माणसं शब्दावरून ओळखतात, 'घर' की 'धर' हे त्यांना संदर्भाने कळतं. नुकतं वाचायला लागलेलं मूल तसं करत नाही, ते एकेक अक्षर चाचपत जातं. त्याच्यासाठी ती फट म्हणजेच अक्षर.

मी वर्गात तक्ता लावायच्या आधी कुठल्याही फाँटमध्ये 'धबधबा' टाइप करून बघते. चार हात लांबून धबधबाच दिसला तर तो फाँट वर्गात येतो.

---

रेडियमकाका | सोमवार, सकाळी ७:१५

कोल्हापुरात माझं रेडियम कटिंगचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. गोल टोकाची अक्षरं आम्हाला आवडतात त्याचं कारण दिसण्यापलीकडचं आहे. रेडियमचं अक्षर उन्हापावसात सुटतं ते नेहमी टोकदार कोपऱ्यापासून. कोपऱ्याखाली धूळ शिरते, मग कोणीतरी नखाने उचकटतो. गोल कोपरा तसा पटकन उचलला जात नाही. ॲक्रिलिक किंवा एमडीएफची फळी राउटर या कापायच्या यंत्रावर कापली तरी तेच. राउटरचं बिट गोल फिरतं, त्यामुळे आतला कोपरा कितीही टोकदार काढा, तो गोलच येतो. मग मुळातच गोल अक्षर घेतलं तर संगणकावर जे दिसतं तेच हातात मिळतं.

पण मोदक रेडियममध्ये कापायचा म्हणजे आतल्या चिरा चिमट्याने एकेक सोलून काढायच्या. मोठ्या पाटीला होतं. वीतभर अक्षरापेक्षा लहान असेल तर मी गिऱ्हाइकाला हात जोडून नाही म्हणतो. चीर सोलताना शेजारचं अक्षरच उचलून येतं.

आणि एक फार महत्त्वाचं, कोणी सांगत नाही: देवनागरी फाँटमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. पडद्यावर ते कळत नाही. कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा करून, प्लॉटरला (कापायच्या यंत्राला) दिलं की प्रत्येक जोडावर प्लॉटर सुरी चालवतो. शिरोरेषेचे सात तुकडे. म्हणून कर्व्ह केल्यावर सगळं निवडून वेल्ड करा, म्हणजे एकमेकींवर चढलेल्या रेषा जोडून एकच आकार करा, मगच कापायला द्या. नवीन पोरं हे विसरतात आणि पाटी वाया जाते.

उंचीचा आमच्या धंद्यातला ठोकताळा: एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. मात्र उंची शिरोरेषेपासून तळापर्यंतची मोजायची, वेलांटी-उकार धरायचे नाहीत. तुमच्या आठ फुटांत 'बालवाचनालय' बसवलं तर नऊ-दहा इंच मिळतील. एसटीचा थांबा शंभर फुटांच्या आत असेल तर काळजी नको.

---

पाटीपेन्सिल | सोमवार, दुपारी १:३०

काका, थांबा साठ-सत्तर फुटांवर आहे, म्हणजे जमतंय! वेल्डचं मी वहीत लिहून ठेवलं. वेलांटीताई, 'धबधबा' दोन्ही फाँटमध्ये टाइप केलं आणि छापून भिंतीला लावलं. बालू पहिल्या झटक्यात वाचला गेला. मोदक कागदभर मोठा केला तेव्हा छान वाचता आला, निम्म्यावर आणल्यावर अवघड झाला.

बालूबद्दल अजून सांगाल का? मला त्यात पाच जाड्या दिसतात, त्यातली कुठली घ्यायची कळेना.

---

बोरू | सोमवार, सायंकाळी ६:०५

बालूची गोष्ट मला सांगायचीच होती. पहिला बालू एकाच जाडीचा होता, जाडच. नंतर 'बालू २' आला, त्यात रेग्युलर, मिडियम, सेमीबोल्ड, बोल्ड आणि एक्स्ट्राबोल्ड अशा पाच जाड्या आहेत. नाव अस्वलाचं आहे आणि अक्षरही तसंच, अंगाने भरलेलं पण चालायला हलकं.

त्याची भावंडं बघा. गुजराती 'बालू भाई', बंगाली 'बालू दा', गुरुमुखी 'बालू पाजी', ओडिया 'बालू भैना', मल्याळम 'बालू चेट्टन', तमिळ 'बालू तंबी', तेलुगू 'बालू तम्मुडु', कन्नड 'बालू तम्मा', उर्दू 'बालू भाईजान'. प्रत्येक भाषेतला भाऊ, कुठे थोरला, कुठे धाकटा. एवढ्या लिप्यांत एकाच स्वभावाचं अक्षर करायचं तर त्यांच्या लेखणीच्या सवयी वेगळ्या असतात ही मोठी अडचण. आपल्या बोरूच्या लेखणीचं टोक ज्या बाजूला तिरकं कापतात, त्याच्या उलट बाजूला रोमन लेखणीचा कल असतो. त्यामुळे आपल्या अक्षरात ठसठशीत रेघ जिथे पडते, तिथे रोमनमध्ये बारीक पडते. दोन्ही पारंपरिक अक्षरं एका ओळीत ठेवली की कुठेतरी खटकतं ते यामुळे. गोल टोकाच्या, जवळपास सारख्या जाडीच्या अक्षरात तो कलच बाजूला ठेवलेला असतो. लेखणीचा काप दिसत नाही, म्हणून भांडणही होत नाही. दुभाषी पाटीला ही शैली शोभते, त्याचं माझ्या मते हे खरं कारण आहे.

पण 'सारख्या जाडीचं' हे दिसायला. फाँट उघडून मोजाल तर शिरोरेषा दंडापेक्षा बारीक सापडते. आडवी आणि उभी रेघ मापाने सारखी ठेवली तर डोळ्याला आडवी जाड वाटते, आणि शब्दावर छप्पर कोसळल्यासारखं दिसतं. टोकांचंही तसंच. दंडाचं टोक गोल केलं की तो आखूड वाटायला लागतो, म्हणून गोल टोक तळरेषेच्या किंचित खाली उतरवतात. कोणी साध्या अक्षराचे कोपरे सॉफ्टवेअरमध्ये गोल करून 'राउंडेड' बनवतं ना, ते अक्षर पाण्यात भिजलेल्या साबणासारखं दिसतं, कारण या दुरुस्त्या कोणी केलेल्या नसतात.

हे वेड जुनं आहे. १९७९ मध्ये फोक्सवॅगनसाठी 'व्हॅग राउंडेड' केलं गेलं आणि नंतर ॲपलच्या कीबोर्डवरची अक्षरं बरीच वर्षं त्यातच होती. बोटाखालच्या कळीवर गोल टोकाचं अक्षर किती सहज बसतं, ते आठवून बघा.

तुमच्यासाठी: पाटीचं मुख्य नाव मोदकमध्ये. गावाचं नाव आणि वेळ बालू २ बोल्डमध्ये. पत्रकाचा मजकूर 'मुक्ता'मध्ये, तोही एक टाइपचाच, अंगाने सडसडीत, वाचायला शांत.

---

मुक्काम_मिलपिटास | मंगळवार, पहाटे ४:५०

इथे अमेरिकेतल्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेसाठी मी फलक करते, त्यामुळे बोरू यांचं दुभाषी अक्षराबद्दलचं म्हणणं मनापासून पटलं. आमच्या मुलांना रोमन आधी येतं, देवनागरी नंतर. पूर्वीच्या फलकांवर इंग्रजी नाव ठळक, देखणं आणि मराठी नाव कुठल्याशा करकरीत फाँटमध्ये, बारीक. मुलांना वाटायचं मराठी म्हणजे कंटाळवाणी बाजू. मी दोन्ही ओळी बालूमध्ये केल्या तेव्हा पहिल्यांदा त्या एका घरातल्या वाटल्या.

एक अनुभव सांगते: एकाच पॉइंटला ठेवलं की देवनागरीत रेघांची गर्दी जास्त असल्याने ती ओळ दाट दिसते. मी मराठीला एक पायरी हलकी जाडी देते, म्हणजे इंग्रजी एक्स्ट्राबोल्ड तर मराठी बोल्ड, आणि आकार थोडा वाढवते. मग समतोल साधतो. आणि कोणी 'हवेशीर दिसेल' म्हणून देवनागरी अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. शिरोरेषा तुटते, शब्दाचा जीव जातो.

---

ओलीशाई | मंगळवार, सकाळी ११:२०

स्क्रीन प्रिंटिंग करतो, मुक्काम सोलापूर. वारीच्या आधी टी-शर्ट आणि पिशव्यांची कामं येतात. 'विठ्ठल' हा शब्द जाड फाँटची खरी परीक्षा घेतो. 'ठ्ठ'मध्ये दोन गोल एकाखाली एक. फाँट लठ्ठ असेल तर खालचा 'ठ' दबतो आणि कापडावर शाई पसरली की त्याचा डोळा मिटतो. काही फाँटमध्ये पाय मोडून शेजारी शेजारी 'ठ्‌ठ' येतो, तो गिऱ्हाइकाला चालत नाही आणि मलाही चालत नाही. विठ्ठलाचं नाव नीट उभं राहायला हवं.

मी काय करतो, तर छपाईच्या आधी त्या जोडाक्षराची आतली पोकळी हाताने थोडी उघडतो. कर्व्ह करून खालच्या 'ठ'चा आतला गोल किंचित मोठा करायचा. शाई पसरून तो बरोबर मापाला येतो. कापड जाडंभरडं असेल तर जास्त उघडायचा, मऊ बनियनच्या कापडाला कमी.

दुसरं दुखणं: डीटीपीवाले आधीच जाड असलेल्या अक्षराला वरून आउटलाइन देऊन आणखी फुगवतात. गेल्या महिन्यात एका मंडळाची फाइल आली, एक्स्ट्राबोल्डला दोन पॉइंटची कड. 'सर्वांसाठी' या शब्दात रफार आणि अनुस्वार एकमेकांत घुसले होते, वर नुसती गाठ दिसत होती. कड द्यायचीच तर जाडी एक-दोन पायऱ्या खाली आणा, कडेला तेवढी जागा मिळते.

---

वेलांटी | मंगळवार, दुपारी ३:४५

'सर्वांसाठी' चाचणीच्या यादीत घातला. आता माझी यादी अशी: धबधबा, घड्याळ, विठ्ठल, सर्वांसाठी, दुसऱ्या, ॲप. 'दुसऱ्या'मधला तो चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' मराठीचा खास. तो फाँटमध्ये नसेल तर भलतंच काहीतरी उमटतं. आणि 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फाँटमध्ये तिथे रिकामा चौकोन दिसतो.

---

पाटीपेन्सिल | गुरुवार, रात्री ८:१०

एका नव्या संकटात आहे. तालुक्याच्या ठिकाणी फ्लेक्सच्या दुकानात फाइल दिली, त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसली. 'वाचा आणि वाढा' याचं 'वाचा आणि' नीट दिसेना. दुकानदार म्हणाले, आमच्याकडचाच फाँट घ्या. मन मानत नाही.

---

रेडियमकाका | गुरुवार, रात्री ८:३५

अहो ताई, फाँट बदलू नका. त्यांचं सॉफ्टवेअर युनिकोड जुळवू शकत नाही, एवढंच. घरी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाका, ते फुकट आहे आणि देवनागरी बरोबर जुळवतं. तिथेच मजकुराचे पाथ करा (आपलं कर्व्ह तेच), पाथ केल्यावर युनियन करा, म्हणजे वेल्डही झालं. आणि पीडीएफ द्या. मग दुकानदाराकडे फाँट असो नसो, अक्षर हलत नाही. पाथ करायच्या आधीची फाइल मात्र जपून ठेवा, नाहीतर वेळ बदलली की सगळं परत करावं लागेल.

फ्लेक्सऐवजी पत्र्यावर रेडियम करणार असाल तर मला सांगा, बालवाचनालयासाठी मी कापून एसटीच्या पार्सलने पाठवतो. पैसे नकोत.

---

बोरू | गुरुवार, रात्री ९:००

काका, तुम्हाला नमस्कार.

ताई, पुढेमागे पाटीला आतून दिवे लावायचा विचार असेल तर तेव्हा मोदक नको. प्रकाश पसरतो आणि चिरा बुजवतो, रात्री परत 'वालवाचनालय' होईल. दिव्याच्या पाटीला बालूची सेमीबोल्ड पुरे.

---

पाटीपेन्सिल | दोन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी १०:१५

पाटी लागली!

काकांचं पार्सल मंगळवारी आलं. मोरपंखी पत्र्यावर पिवळी अक्षरं, 'बालवाचनालय' मोदकमध्ये, खाली 'रोज सायंकाळी ५ ते ७' बालू २ बोल्डमध्ये. चिकटवताना गावातली सहा मुलं आणि मी. साबणाच्या पाण्याचा फवारा, मग जुन्या एसटी पासने वरून घासत हवा काढली, काकांनी फोनवर सांगितलं तसं. 'ब'च्या पोटातल्या दोन चिरा काकांनी सोलून पाठवल्या होत्या, त्यातून मागचा मोरपंखी रंग दिसतो. जवळून बघितलं तर अक्षर हसल्यासारखं वाटतं.

पत्रक नव्याने केलं. मथळा बालूत, मजकूर मुक्तामध्ये १२ पॉइंटला. झेरॉक्सची झेरॉक्स काढून बघितली, तरी वाचता येते.

काल संध्याकाळी मी मुद्दाम एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. शेजारच्या त्याच मुलीला सोबत नेलं होतं. तिने बोट धरून अक्षरं जुळवली, "बा-ल-वा-च-ना-ल-य", आणि मग विचारलं, "यातला 'ब' एवढा जाडा का गं मावशी, खूप पुस्तकं खाल्ली का त्याने?"

---

वेलांटी | रविवार, सकाळी १०:४०

तिला माझ्याकडून एक गोष्टीचं पुस्तक. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि पाटीचा फोटो इथे टाका, मला 'ल' बघायचा आहे. मराठी वळणाचा आलाय की हिंदी?

---

पाटीपेन्सिल | रविवार, सकाळी ११:०५

फोटो दुपारी टाकते, आत्ता पाटीवर ऊन येतंय आणि पिवळा रंग उडालेला दिसतो.